'ओसाड', 'वैराण' की 'निर्जन'?

प्रश्न : हान्स बेटाविषयीच्या एकाच लेखात 'ओसाड', 'वैराण' आणि 'निर्जन' अशी तीन विशेषणे आढळली. ती एकमेकांच्या जागी चालतील का?

उत्तर : माझ्या मते चालणार नाहीत. गाव ओस पडते ते माणसे निघून गेल्यावर, आणि म्हणूनच ओसाड वाड्याच्या भिंतीत काजळी धरलेला दिव्याचा कोनाडा उरलेला असतो. हान्स बेट मात्र डेन्मार्कच्या अखत्यारीतले ग्रीनलंड आणि कॅनडाचे एल्समिअर बेट यांच्यामधल्या नेअर्स सामुद्रधुनीत, ८० अंश उत्तर अक्षांशाच्याही पलीकडे असलेला सुमारे १.३ चौरस किलोमीटरचा उघडा खडक आहे. त्यावर झाड नाही, माती नावापुरतीच, आणि कायमची वस्ती कधी झालीच नाही, त्यामुळे तिथे ओस पडण्यासारखे काही नव्हते. फारसीतल्या 'वीरान'वरून आलेल्या 'वैराण'मध्येही उद्ध्वस्त झाल्याची छटा आहे.

'निर्जन' त्या मानाने बरा, पण मला तोही पुरता पटत नाही. उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशातले मूळ रहिवासी असलेले इनुइट लोक पिढ्यान्‌पिढ्या शिकारीच्या निमित्ताने या परिसरात वावरत आले आहेत, आणि बेटाच्या मूत्रपिंडासारख्या आकारावरून त्यांनी त्याला 'तार्तुपालुक' हे नाव दिले आहे. ज्या जागेला माणसांनी इतके निरखून नाव ठेवले, तिला निर्जन म्हणताना मन कचरते. 'वस्ती नसलेले बेट' हा साधा शब्दप्रयोगच मला सर्वांत नेमका वाटतो.

पुरवणी प्रश्न : कॅनडा आणि डेन्मार्क यांची सीमा या बेटावरच्या 'दरी'तून जाते, असेही त्या लेखात आहे. तो शब्द योग्य आहे का?

उत्तर : तिथे 'घळ' हवे. १९७३ च्या करारात समुद्रातली सीमारेषा बेटाच्या एका किनाऱ्याशी थांबवून दुसऱ्या किनाऱ्यापासून पुढे आखली होती, आणि बेट कोणाचे हा प्रश्न तसाच राहिला होता. १४ जून २०२२ च्या करारात, बेटावरून साधारण उत्तर-दक्षिण गेलेली नैसर्गिक चीर हीच सीमा ठरली. 'दरी' म्हटले की दोन डोंगरांमधला ऐसपैस सखल भाग डोळ्यांपुढे येतो, तर भूगोलाच्या पुस्तकातली 'घळई' नदीने कोरलेली असते. जेमतेम सव्वा किलोमीटर लांबीच्या खडकातल्या अरुंद चिरेला 'घळ' हाच शब्द शोभतो.