नर माशाच्या रक्तात बलक सापडला, तरी वाट बघत बसायचं?

खाडीमुख
संप्रेरकं बिघडवणाऱ्या प्रदूषणाचा विषय काढला की हमखास ऐकू येतं, "मासे मेले तर नाहीत ना?" म्हणून हा धागा. १९९०च्या दशकात इंग्लंडमधल्या टाइन आणि मर्सी नद्यांच्या मुखांशी फ्लाउंडर हे चपटे मासे तपासले. नरांच्या रक्तात व्हायटेलोजेनिन भरपूर निघालं. हे बलकाचं प्रथिन. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक मिळालं की मादीचं यकृत ते बनवतं. नराकडेही त्याचं जनुक असतं, पण एरवी ते गप्प असतं. मर्सीतल्या काही नरांच्या तर वृषणातच अंडपेशी होत्या, आणि मासा वरून धडधाकट! माशांची संख्या घटेपर्यंत थांबू नये. मैलापाण्यातून ही इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं काढणं आत्ताच सक्तीचं करावं.

तळठाव
रक्तातली खूण म्हणजे वंश बुडणं नव्हे. त्यावरून फ्लाउंडर कमी झाले असं सिद्ध होत नाही. अतिरेकी मासेमारी मात्र साठेच्या साठे संपवते. मैलापाण्यातून ती काढायचे ओझोन, सक्रिय कार्बन हे उपाय महागडे आणि वीजखाऊ. आधी जाळ्यांना लगाम घाला.

खाडीमुख
वंश बुडू शकतो, हे कॅनडात दिसलंय. ऑन्टारिओतल्या एका प्रायोगिक तलावात २००१ ते २००३ गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन सोडलं, लिटरमागे जेमतेम ५-६ नॅनोग्रॅम. फॅटहेड मिनो हा छोटा मासा तिथून जवळजवळ नाहीसा झाला. सोडणं थांबवल्यावर काही वर्षांनी परतला.

तळठाव
तो बंदिस्त तलाव होता! समुद्रात भरती-ओहोटीने सगळं विरळ होतं.

ओहोटी
विरळ होतं ते बाहेर, खोल पाण्यात. फ्लाउंडरची पिल्लं वाढतात खाडीमुखाच्या उथळ गाळात, नेमकी सांडपाणी येतं तिथेच. ट्रायब्युटिलटिनचंही तसंच. जहाजांच्या बुडाला लावायच्या रंगातलं हे रसायन, लिटरमागे नॅनोग्रॅमभर पुरे; शंखातल्या गोगलगायींच्या माद्यांना नराचं लिंग फुटायचं. त्यावर बंदी घालणारा २००१चा आंतरराष्ट्रीय करार २००८मध्ये लागू झाला आणि कित्येक किनाऱ्यांवर त्या गोगलगायी सावरल्या.

तळठाव
रंगावर बंदी घालता येते. इथे नैसर्गिक इस्ट्रोजेन माणसाच्या लघवीतूनच येतं, त्यावर कसली बंदी?

खाडीमुख
म्हणूनच तर शुद्धीकरण म्हणतोय! स्वित्झर्लंडने २०१६पासून निवडक केंद्रांना सूक्ष्म प्रदूषकं काढण्याचा जादा टप्पा कायद्याने लावलाच ना?

तळठाव
निवडक, हे महत्त्वाचं. अरुंद खाडीत मोठ्या शहराचं पाणी येत असेल तिथे मलाही मान्य आहे. खुल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक केंद्राला सक्ती, याला माझा विरोध कायम.