शिडाच्या होडीतील थ्रॉटलचा लिव्हर घट्ट झाला आहे: वंगण द्यावे की केबल बदलावी?

गलबत (मुंबई)

नमस्कार. माझी साधारण तीस फुटी फायबरची शिडाची होडी गेटवेसमोर बोयावर (तळाशी नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला बांधून) असते. तिच्यात दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन असून कॉकपिटच्या उजव्या भिंतीवर बसवलेल्या एकाच लिव्हरने गियर आणि थ्रॉटल (म्हणजे इंजिनाचा वेग) दोन्ही चालतात. दरवर्षीप्रमाणे पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर चढवून ताडपत्रीखाली ठेवली होती आणि ऑक्टोबरात पाण्यात उतरवल्यापासून हा त्रास सुरू झाला आहे. लिव्हर पुढे ढकलताना गियर पडेपर्यंतचा टप्पा पूर्वीइतकाच हलका आहे. त्यापुढे वेग वाढवताना मात्र खांद्यापासून जोर लावावा लागतो, आणि वेग कमी करताना लिव्हर मध्येच अडतो व मग झटक्याने सुटतो. न्यूट्रलमध्ये आणल्यावरही इंजिन लगेच मंद होत नाही.

उधाणाच्या दिवसांत बंदरातील पाण्याची ओढ जोरदार असते. अशा वेळी बोयाकडे येताना इंजिनाचा वेग हवा तेवढाच आणि हवा त्या क्षणी मिळाला नाही, तर शेजारच्या होडीवर आदळण्याचा धोका असतो, म्हणून हे काम पुढे ढकलण्याची माझी इच्छा नाही. एका परिचितांनी केबलच्या तोंडातून पातळ तेल सोडण्यास सांगितले, तर दुसऱ्यांच्या मते लिव्हरची संपूर्ण पेटीच बदलावी लागेल. सुरुवात कोठून करावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सुकाणू (मांडवा)

आपण दिलेल्या वर्णनातच अर्धे उत्तर आहे. लिव्हरचा मुख्य दांडा गियर आणि थ्रॉटल या दोन्ही कामांसाठी तोच असतो. गियरचा टप्पा हलका असेल तर तो दांडा आणि त्याचे बेअरिंग बहुधा ठीक आहेत, आणि दोष थ्रॉटलच्या वाटेवर कोठेतरी आहे. ही वाट तीन भागांची असते: पेटीतील थ्रॉटलचा भाग, केबल, आणि इंजिनावरील गव्हर्नरचा (इंजिनाचा वेग राखणाऱ्या यंत्रणेचा) लिव्हर. तेल सोडणे किंवा काही विकत घेणे या दोन्ही गोष्टींच्या आधी हे तीन भाग एकमेकांपासून सोडवून प्रत्येक भाग स्वतंत्रपणे हाताने हलवून पाहावा.

इंजिन बंद आणि थंड असताना सुरुवात इंजिनाच्या टोकापासून करावी. तेथे केबलच्या टोकाला आट्यांवर बसवलेला जोड असतो. त्याची स्प्लिट पिन काढली की केबल गव्हर्नरच्या लिव्हरपासून सुटते. पिन बिल्जमध्ये (होडीच्या तळाच्या पोकळीत) पडू नये म्हणून खाली फडके पसरून ठेवावे, आणि लॉकनट सैल करण्यापूर्वी तो आट्यांवर नेमका कोठे होता याची खूण करून फोटो काढून ठेवावा. आता इंजिनावरील लिव्हर बोटाने हलवावा. स्प्रिंगचा विरोध जाणवेल, पण हालचाल सलग असली पाहिजे आणि सोडल्यावर तो लिव्हर आपोआप परत आला पाहिजे. तसे होत असेल तर इंजिन निर्दोष आहे. नसेल तर तो लिव्हर ज्या खुंटीवर फिरतो तिच्यावर मीठ आणि गंज साचलेला असतो. तेथे मात्र गंज सोडवणारे तेल आणि ब्रश यांनी काम होते.

त्यानंतर कॉकपिटमधील लिव्हर चालवून पाहावा. तो अजूनही घट्ट असेल तर पेटी भिंतीपासून सोडवून केबल त्या टोकालाही मोकळी करावी. बऱ्याच पेट्यांमध्ये थ्रॉटलसाठी घर्षण कमी-जास्त करणारा एक स्क्रू असतो. इंजिनाच्या थरथरीने आणि गव्हर्नरच्या स्प्रिंगने लिव्हर आपोआप मागे सरकू नये, एवढ्यासाठीच तो असतो. होडी किनाऱ्यावर असताना कोणी तो आवळला असेल, तर आपण वर्णन केलेले लक्षण जसेच्या तसे दिसते. म्हणून पेटी उघडल्यावर सर्वप्रथम तो स्क्रू पाहावा. थोडा सैल करून पाहण्यास काहीही खर्च नाही.

शेवटी दोन्ही टोकांना मोकळी झालेली केबल. तिच्या आतील तार एका हाताने, विशेष जोर न लावता, पूर्ण अंतर आत-बाहेर सरकली पाहिजे. अडत असेल तर केबल बदलावी, या मताशी मी ठाम आहे. या केबलमध्ये आतील तारेभोवती प्लॅस्टिकची नळी, तिच्याभोवती पोलादी तारांचे वेटोळे आणि सर्वांवर प्लॅस्टिकचे आवरण असते. आतील नळी मुळात कोरडी चालण्यासाठीच बनवलेली असते. बाहेरचे आवरण एखाद्या ठिकाणी फाटले की खारे पाणी पोलादी वेटोळ्यापर्यंत पोहोचते, गंजाने ते फुगते आणि आतील नळीला आवळते. टोकातून सोडलेले तेल त्या जागेपर्यंत पोहोचतच नाही. उलट ते धूळ धरते, चार दिवस लिव्हर हलका वाटतो, आणि दोष झाकला गेल्यामुळे केबल ऐन गरजेच्या वेळी दगा देते.

तोपर्यंत एक काळजी अवश्य घ्यावी. घट्ट केबलवर जोर लावत राहिल्यास टोकाजवळची दांडी वाकते किंवा तुटते, आणि मग इंजिन कोणत्या वेगावर राहील याची खात्री देता येत नाही. इंजिन बंद करण्याची वेगळी खेचकळ असेल तर ती चालते आहे ना हे आजच पाहावे, आणि इंजिनावरील बंद करण्याचा लिव्हर कोठे आहे हे होडीवरील प्रत्येकाला दाखवून ठेवावे.

डोलकाठी (पणजी)

सुकाणू यांच्या क्रमाशी मी सहमत आहे. ज्यांच्या होडीत चाकाचे सुकाणू आहे आणि थ्रॉटलचा दांडा कंपासखालच्या खांबात आहे, त्यांच्यासाठी थोडी भर घालतो, कारण तेथे दोष बहुतेक वेळा केबलमध्ये नसतो. खांबाचे डोके अॅल्युमिनियमचे आणि त्यातून आडवा जाणारा दांडा स्टेनलेस स्टीलचा असतो. हे दोन धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की अॅल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी तयार होते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि दांड्याला चारही बाजूंनी धरून ठेवते. आपल्याकडच्या पावसाळ्यात, होडी झाकून ठेवली तरीही, ही भुकटी वाढतच राहते.

अशा वेळी हातोडीचा उपयोग करू नये. ओतीव अॅल्युमिनियम तडकते. गंज सोडवणारे तेल देऊन रात्रभर मुरू द्यावे, नंतर डोके गरम हवेने हलके तापवावे आणि दांडा पुढे-मागे थोडाथोडा फिरवत सोडवावा. तापल्यावर अॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावत असल्यामुळे पकड ढिली होते. त्याआधी कंपास काढून बाजूला ठेवावा, आणि तो परत त्याच दिशेने बसावा म्हणून खुणा करून घ्याव्यात. खांबाच्या आत सुकाणूची साखळी असते, तेव्हा तोंडावर फडके घट्ट कोंबल्याशिवाय एकही स्क्रू सोडवू नये. जोडताना दांडा आणि घर स्वच्छ करून समुद्री वापराचे ग्रीस लावावे. केबलला वंगण नको असले तरी अशा फिरणाऱ्या सांध्यांना ते हवेच असते, हा फरक लक्षात ठेवावा.

गलबत (मुंबई)

आपण दोघांनी सविस्तर लिहिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. सांगितलेल्या क्रमाने सर्व भाग सोडवून पाहिले. गव्हर्नरचा लिव्हर बोटाने सहज हलतो. पेटीतील घर्षणाचा स्क्रू सैलच होता आणि केबल सोडल्यावर पेटी अगदी हलकी चालते. मोकळ्या केबलची तार मात्र पक्कडीने धरूनही जेमतेम इंचभर सरकते. इंजिनाच्या मागे जेथे केबल एग्झॉस्टच्या पाइपाला टेकत होती, तेथे आवरण करपून चिरले आहे. तो भाग वाकवल्यावर चिरेतून विटकरी रंगाचे पाणी ठिबकले. केबल बदलावी लागणार हे उघड आहे. लांबी कशी ठरवावी, आणि नवीन केबल जुन्याच मार्गाने न्यावी का?

सुकाणू (मांडवा)

लांबी बहुधा जुन्या केबलच्या आवरणावर छापलेली असते. ती पुसली गेली असेल तर केबल पूर्ण बाहेर काढून, सरळ करून, एका टोकाच्या आट्यांपासून दुसऱ्या टोकाच्या आट्यांपर्यंत मोजावी. या केबली फुटांच्या मापात मिळतात. बहुतेक होड्यांमध्ये ३३सी प्रकारची केबल असते, जिच्या टोकाला १०-३२ मापाचे आटे असतात आणि जिची हालचाल सुमारे ३ इंच असते. तरीही दुकानात जुनी केबल सोबत नेऊन टोके जुळवूनच नवीन घ्यावी. आउटबोर्ड (मागे बाहेरून लावलेल्या) इंजिनाच्या बोटींनाही हा प्रकार लागतो, त्यामुळे त्यांचे सुटे भाग ठेवणाऱ्यांकडे आधी विचारावे.

जुना मार्ग जसाच्या तसा वापरू नये, कारण केबल त्या मार्गानेच बिघडवली आहे. एग्झॉस्टपासून ती दूर न्यावी आणि वाटेत पट्ट्यांनी बांधावी, पण टोकांजवळ आवळू नये, कारण तेथे केबलला थोडे डोलावे लागते. वळणाची त्रिज्या साधारण २०० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. केबलमधील घर्षण प्रत्येक वळणागणिक पटीने वाढत जाते, म्हणून एक मोठे सैल वळण हे दोन आखूड वळणांपेक्षा केव्हाही चांगले. मार्ग बदलल्यामुळे फूटभर जास्त लांबी लागणार असेल तर तेवढी लांब केबल घ्यावी; आखूड केबल ताणून बसवू नये. जुनी केबल ओढून काढताना तिच्या शेपटाला मजबूत दोरी बांधावी, म्हणजे निदान न बदललेल्या भागातून नवीन केबल त्याच दोरीने परत आणता येईल.

जोडताना लिव्हर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिनावरील लिव्हर मंद वेगाच्या स्क्रूला टेकेल, इतपत जोड आट्यांवर फिरवावा. मग लिव्हर पूर्ण पुढे नेऊन इंजिनाचा लिव्हर वरच्या मर्यादेपर्यंत पोहोचतो का हे दुसऱ्या व्यक्तीला इंजिनाजवळ उभे करून पाहून घ्यावे. पोहोचत नसेल तर केबल त्या लिव्हरच्या खुंटीजवळील छिद्रात लावावी. हालचाल वाढते, मात्र जोरही थोडा जास्त लागतो. लॉकनट आवळून नवीन स्प्लिट पिन घालावी, जुनी परत वापरू नये. त्यानंतर होडी धक्क्याला पुढून-मागून पक्की बांधून, इंजिन गरम करून, पुढचा व मागचा गियर आणि वेग कमी-जास्त होणे हे सर्व तपासावे, आणि मगच दोर सोडावेत.

गियरची केबलही त्याच वयाची आणि बहुधा त्याच वाटेने गेलेली असणार. पेटी उघडलेली आहेच, तर तिचे आवरण संपूर्ण लांबीवर हात फिरवून पाहा. एग्झॉस्टजवळ तीही करपलेली आढळली तर दोन्ही केबली एकदमच बदलाव्यात.