मदत हवी आहे: हैफाच्या 'अल-इत्तिहाद'चे जुने अंक

नमस्कार मंडळी,

इस्रायली कम्युनिस्ट पक्षाच्या 'अल-इत्तिहाद' या अरबी वृत्तपत्रावर मी मराठीत एक दीर्घ लेख लिहितोय. मे १९४४ मध्ये, तेव्हाच्या ब्रिटिश अमलाखालच्या पॅलेस्टाईनमधल्या हैफा शहरात एमिल तुमा, एमिल हबीबी वगैरेंनी ते सुरू केलं. १९४८ च्या सुरुवातीला ब्रिटिशांनी बंद पाडलं, त्याच वर्षी पुन्हा निघालं. १९८३ पासून ते दैनिक आहे. प्रसिद्ध पॅलेस्टिनी कवी महमूद दरवेश तरुणपणी तिथेच काम करायचे!

१९५३ मध्ये गृहमंत्र्यांनी पक्षाचं हिब्रू 'कोल हाआम' १० दिवस आणि 'अल-इत्तिहाद' १५ दिवस बंद ठेवायचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा तिथला हा पायाभूत निकाल, आपल्याकडे मात्र त्याची फारशी चर्चा नाही याचं वाईट वाटतं.

माझं घोडं अडलंय ते १९५६ वर. २९ ऑक्टोबरला इस्रायलमधल्या कफ्र कासिम या अरब गावात इस्रायली सीमा पोलिसांच्या गोळीबारात ४९ जण मारले गेले. बातमीवर सेन्सॉर होता, तौफिक तुबी आणि मेइर विल्नर या पक्षाच्या खासदारांनी ती बाहेर काढली. त्या आठवड्यांतल्या अंकांत नेमकं काय छापून आलं, ते मला मुळातून हवंय. इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'जराएद' या जुन्या अरबी वृत्तपत्रांच्या संग्रहात जुने अंक आहेत, पण मला अरबी येत नाही.

कुणी अरबी वाचणारं आहे का? चार-पाच पानांचा गोषवारा सांगितला तरी पुरे. तसंच, इस्रायलमधल्या अरब नागरिकांवर लष्करी अंमल असताना (१९६६ पर्यंत) गावोगाव अंक कसे पोचायचे, यावर इंग्रजीत काही वाचलं असेल तर कृपया सुचवा. इस्रायलमधल्या बेने इस्रायली मंडळींपैकी कुणाला या पत्राच्या आठवणी असतील, तर त्याही जरूर कळवा.