मदत हवी आहे: समुद्रातून काढलेलं विमान आणि सायट्रिक आम्ल

नमस्कार मंडळी, आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी डॉर्निअर १७ या जर्मन बाँबर विमानाचा विषय निवडलाय. ऑगस्ट १९४० मध्ये पडलेलं हे विमान इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्याजवळ, गुडविन सँड्स या समुद्रातल्या वाळूच्या पट्ट्यात उलटं पडून होतं. ब्रिटनच्या आरएएफ (रॉयल एअर फोर्स) म्युझियमने ते जून २०१३ मध्ये वर काढलं. आधी भोवती सांगाडा उभारून उचलायचा बेत होता, पण हवामानाने पैसा आणि वेळ दोन्ही खाल्ले. शेवटी दोर बांधून थेट उचललं. (धाडसच म्हणायचं!)

खरी गंमत पुढे आहे. याच म्युझियमच्या कॉसफर्ड इथल्या केंद्रात विमानाचे भाग प्लॅस्टिकच्या बोगद्यांत ठेवून त्यांवर सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणाचे फवारे मारत राहिले. त्याने वर साचलेले थर सुटतात आणि समुद्राच्या मिठातून धातूत मुरलेले क्लोराइड बाहेर पडतात. ते आत राहिले तर हवा लागताच ॲल्युमिनियम पोखरलं जातं. ही पद्धत ठरवायला लंडनच्या इंपीरियल कॉलेजची मदत होती.

आता अडलंय ते असं: द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड घालून आम्लता आटोक्यात ठेवतात, ते प्रमाण शाळेच्या प्रयोगशाळेत कसं ठरवावं? मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर महिन्याभरात फरक दिसेल का? पट्टीत लोखंडी रिव्हेट असेल तर काय होईल? धातुशास्त्र किंवा वस्तुसंग्रहालयाच्या कामातलं कुणी असेल तर कृपया सांगा. सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड तपासायचं मुलांना जमतं, तेवढं आहे आमच्याकडे.