घरचे चिकन नूडल्स : गाडीवरची चव घरी कशी आणता?

पाककृती ढिगाने मिळतात. सगळ्यांत ‘मोठ्या आचेवर भराभर परता’ असं लिहिलेलं असतं, पण घरच्या शेगडीची मोठी आच म्हणजे नेमकी किती, हे कोणी सांगत नाही. आमच्याकडे रविवारी रात्री चिकन नूडल्स होतात. खाणारे खूश असतात, तरी कढईच्या तळाशी थोडं पाणी जमतंच आणि मुलगी म्हणते, ‘छान झालंय, पण चायनीज नाही झालं.’ तिचं म्हणणं पटतं.

म्हणून हा धागा. तुमच्या घरी काय केल्यावर फरक पडला ते लिहा. हक्का, शेजवान, सूपवाले, खऱ्या चीनमधले, सगळे चालतील. प्रमाण आठवत असेल तर तेही टाका. ‘अंदाजे’ लिहिलं तरी हरकत नाही, आमच्या आईने आयुष्यभर तेच सांगितलं.

डोंबिवलीहून

आमची स्टेशनबाहेर संध्याकाळची गाडी होती. मोठा भाऊ भट्टीवर, मी कापाकापीला. गाडीवरचं निम्मं काम दुपारीच उरकलेलं असतं, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. नूडल्स दुपारी उकडायचे, तेही किंचित कच्चे. दाताखाली मधोमध कण लागला पाहिजे. लगेच गार पाण्याखाली धरायचे, रोळीत निथळू द्यायचे, तेलाचा हात लावायचा आणि परातीत पसरून पंख्याखाली ठेवायचे. संध्याकाळी कढईत पडतात तेव्हा गार आणि कोरडे असतात, म्हणून सुटे राहतात. घरी आपण वाफाळते नूडल्स थेट कढईत टाकतो आणि गोळा झाला की कंपनीला नावं ठेवतो.

आता आच. गाडीची शेगडी हाय प्रेशरची, ज्वाळा कढईच्या काठावर येते. घरच्या गॅसवर ते होणार नाही, तेव्हा आच वाढवण्याच्या नादाला न लागता माल कमी करा. एका वेळी दोन प्लेटी, बस. पाच माणसं असतील तर तीनदा करा, प्रत्येक घाणा चार-पाच मिनिटांचा तर आहे. सगळं एकदम टाकलं की कढई गार पडते, भाज्या पाणी सोडतात आणि परतण्याऐवजी उकडतात. ताईंच्या कढईतलं पाणी तिथूनच येतंय.

आमचा क्रम असा : तेल धुरावलं की लसूण-आलं, लगेच चिकन, ते झालं की काढून बाजूला. मग कांदा, गाजर, फरसबी, ढोबळी आणि अगदी शेवटी कोबी. मीठ भाजीवर टाकायचं नाही, नूडल्स पडले की टाकायचं. सोया सॉस कढईच्या कडेने सोडायचा. तापल्या लोखंडावर चर्र झाला की त्याचा वासच बदलतो. व्हिनेगर गॅस बंद करता करता. आणि लोक ज्याला गाडीची चव म्हणतात ती बरीचशी पांढऱ्या मिरपुडीत आणि अरोमॅट पावडर या तयार मसाल्यात असते. पांढरी मिरपूड घरात ठेवा, काळीने ते काम होत नाही.

पुण्याहून

घरात सासूबाई शाकाहारी आहेत, त्यामुळे चिकन गॅलरीतल्या छोट्या शेगडीवर, वेगळ्या तव्यात. पूर्वी ही कटकट वाटायची. आता लक्षात आलंय की चिकन आधी स्वतंत्र परतून ठेवलं की ते वातड होत नाही आणि नूडल्सही कोरडे राहतात. सासूबाईंचा घाणा पहिला निघतो, मग आमच्यात चिकन मिसळतं. डोंबिवलीकर म्हणतात तेच आमच्याकडे सोवळ्यामुळे होत होतं म्हणायचं!

कोलकात्याहून

नवऱ्याच्या बदलीमुळे बरीच वर्षं इथे आहोत. भारतातल्या चायनीजचं मूळ गाव हेच. इथे हक्का या चिनी समाजाची जुनी वस्ती आहे, आधी टिरेटा बाजारात आणि नंतर टांगऱ्यात. टांगऱ्यात त्यांचे चामडं कमावायचे कारखाने होते. 1996 साली सुप्रीम कोर्टाने ते हलवायला सांगितले, कारखाने बानतल्याला गेले, पण खाणावळी राहिल्या. टिरेटा बाजारात भल्या सकाळी रस्त्यावर बाओ (सारण भरलेले वाफवलेले पाव) आणि माशाच्या गोळ्यांचं सूप मिळतं. पाहुणे आले की आम्ही त्यांना उठवून घेऊन जातो.

इथली घरगुती ‘चाउमिन’ आपल्यापेक्षा साधी असते. शेजारच्या बंगाली काकींकडून शिकले ती अशी : अंड्याचे नूडल्स, कांदा भरपूर आणि लांब चिरलेला, हिरव्या मिरच्या, चिकनच्या पट्ट्या, एक-दोन अंडी फेटून, मीठ, मिरपूड, आणि सोया नुसता रंगापुरता. लाल सॉस कढईत जात नाही. ताटात बाजूला हिरव्या मिरचीचा सॉस आणि कासुंदी, म्हणजे मोहरीची बंगाली चटणी. कासुंदी आणि चाउमिन ही जोडी ऐकायला विचित्र आहे, पण एकदा खाऊन बघा. शिवाय सॉस बाहेर राहिल्यामुळे कढईत ओल कमी.

टोरांटोहून

कोलकात्याच्या पोस्टला जोडून. 1962च्या युद्धानंतर भारतातल्या अनेक चिनी कुटुंबांना राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं होतं. पुढे त्या समाजातले बरेच जण इकडे येऊन स्थायिक झाले. त्यामुळे या शहरात ‘हक्का’ अशी पाटी दिसली की आत चिली चिकन आणि आपल्या ओळखीचे नूडल्स मिळणार हे नक्की. आईबाबा आले की चायनाटाऊन सोडून तिथेच न्यावं लागतं.

घरी करताना धुराचा अलार्म हाच मोठा शत्रू. मी बाहेर अंगणात, बार्बेक्यूच्या बाजूच्या शेगडीवर लोखंडी वोक ठेवते. थंडीत नवरा कोट घालून परततो.

ग्वांगझौमध्ये नोकरीनिमित्त राहून आलेला

ग्वांगझौ म्हणजे कँटनी स्वयंपाकाचं माहेर. तिथे एका सहकाऱ्याच्या घरी बघितलेलं सांगतो. चिकन मांडीचं, बोनलेस. अर्धा-पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवून जरा कडक झालं की धाग्याला आडवं, पातळ कापायचं. पाव किलोला एक मोठा चमचा साधा सोया, दोन लहान चमचे कॉर्नफ्लोअर, चिमूटभर साखर, पांढरी मिरपूड, चमचाभर पाणी. हे हाताने चोळत राहायचं, पाणी मांसात जिरेपर्यंत. मग वरून एक चमचा तेल. वीसेक मिनिटांनी कढईत. कॉर्नफ्लोअरचा पातळ थर रस आत धरून ठेवतो आणि तुकडा मऊ राहतो. तुकडे कढईत एकेरी पसरायचे आणि खालची बाजू धरेपर्यंत हात लावायचा नाही. आपल्याला सतत ढवळायची सवय असते, ती इथे नडते.

नूडल्स परतायला ती मंडळी झारा घेत नाहीत, लांब चॉपस्टिक्सने वर उचलून मोकळे करतात. झाऱ्याने तुटतात. घरी दोन काटे वापरले तरी जमतं. सोया दोन प्रकारचा : पातळ खारटपणासाठी, काळा रंगासाठी. काळा अगदी थोडा. भाजीत मोड आलेले मूग (आपले मोड नव्हे, लांब पांढरे) आणि लसणाच्या पातीसारखी एक पात. ढोबळी मिरची आणि टोमॅटो केचप यांचा त्या घरी पत्ताच नव्हता.

आणि एक प्रकार आपल्याकडे घरी कुणी करत नाही, तो करून बघा. उकडून वाळवलेले बारीक नूडल्स तव्यावर धिरड्यासारखे पसरून दोन्ही बाजूंनी कुरकुरीत करायचे आणि वर चिकन-भाजीचा दाटसर रस्सा ओतायचा. मोठ्या आचेची गरजच नाही, मध्यम आच पुरते. घरच्या गॅसला हाच प्रकार मानवतो असं माझं स्पष्ट मत आहे.

साताऱ्याहून, एक शंका

अजिनोमोटो टाकता का? आमच्याकडे दोन तट आहेत.

मुंबईहून, वरच्या शंकेवर

मी फूड टेक्नॉलॉजी शिकवते. 1908मध्ये जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ग्लुटामेट हा चव आणणारा घटक वेगळा काढला, तिथून ही पावडर आली. टोमॅटोत, मुरलेल्या चीजमध्ये आणि सोया सॉसमध्येही ग्लुटामेट असतंच. खाण्यात वापरायच्या प्रमाणात त्याची भीती बाळगायचं कारण नाही. दोन प्लेटींना पाव चमचा खूप झाला. जास्त पडलं की जिभेवर एक कंटाळवाणी चव राहते, गाड्यांवर नेमकं तेच होतं. नको असेल तर वाळलेले मशरूम भिजवून बारीक चिरून घाला, काम भागतं. भिजवलेलं पाणी मात्र नूडल्समध्ये ओतू नका, सुपाला ठेवा.

मालवणहून

शेजवान चटणी मी घरीच करते : बेडगी मिरच्या भिजवून वाटायच्या, आलं-लसूण बारीक चिरून भरपूर तेलात मंद परतायचं, वर व्हिनेगर, मीठ, साखर. पण खऱ्या सिचुआनच्या (ज्या चिनी प्रांतावरून ‘शेजवान’ नाव आलं) जेवणात जिभेला मुंग्या आणणारं एक फळ असतं आणि ते आपल्या तिरफळाचं भावंड आहे. वनस्पतिशास्त्रात दोघांचं कूळ एकच. म्हणून चटणीचं तेल तापवताना चार-पाच तिरफळं, आतली काळी बी काढून, ठेचून टाकते आणि तेल गाळून घेते. बांगड्याची आमटी सोडून तिरफळ चिकनला लावते म्हणून आईने सुरुवातीला तोंड वाकडं केलं. आता तीच विचारते, ‘ती मुंग्यांची चटणी आहे का गं?’ वास आपल्या तिरफळाचाच येतो, सिचुआनचा हुबेहूब नाही. पण नुसत्या तिखटापेक्षा कितीतरी वर.

बंगळूरहून, इंडक्शनवाला

भाड्याच्या घरात फक्त इंडक्शन. गोल बुडाची कढई उपयोगाची नाही, सपाट बुडाचं जाड फ्रायिंग पॅन घेतलं. रिकामं तापवायचं, मग तेल. पॅन उचलून टॉस मारायला गेलं की इंडक्शन टिंग टिंग करून बंद पडतं, म्हणून चिमट्याने परततो. नॉनस्टिक इतकं तापवू नका.

नागपूरहून

डोंबिवलीकर दादा, कढई कोणती घ्यावी? आमच्याकडे बिडाची आहे, पण ती उचलवत नाही.

डोंबिवलीहून

बीड उष्णता धरून ठेवतं, वाईट नाही. पण टॉस मारायचा असेल तर पातळ लोखंडी पत्र्याची, एका लांब दांड्याची घ्या. बाजारात भांड्यांच्या दुकानात ‘चायनीज कढई’ म्हटलं की देतात. घरच्या शेगडीवर गोल बूड डगमगतं, तळाला थोडी सपाट बघून घ्या. नवी आणली की साबणाने घासून कारखान्याचं तेल काढा, रंग निळसर-काळा होईपर्यंत रिकामी तापवा, मग तेलाचं बोट फिरवून पुन्हा तापवा, असं तीन-चारदा. नंतर रोज धुतल्यावर गॅसवर वाळवून तेलाचा हात. टोमॅटो आणि चिंच तिच्यात शिजवू नका, सगळी मेहनत निघून जाते. व्हिनेगर शेवटी टाकायचं ते त्यासाठीही.