मदत हवी: मुलाच्या खोलीला टिकाऊ रंग कोणता? (नाशिक)

इंदिरानगर_२ब: मुलगा चार वर्षांचा, खडू भिंतीवरच चालतात. खोली १० × १२, उंची १० फूट, इमारत २००८ ची. आत्ता डिस्टेंपर आहे, हात लावला की पांढरी भुकटी लागते. एक भिंत बाथरूमला लागून आहे, तिथे खाली फूटभर पोपडे सुटलेत. दारं-खिडक्यांना जुना ऑईल पेंट. दुकानदार सगळ्यात महागडं इमल्शन (पाण्यात मिसळणारा प्लास्टिक रंग) घ्या म्हणतो. त्याने टिकेल का? दिवाळीच्या सुट्टीत काम उरकायचं आहे.

सिडको_रंगकाम: आधी भिंत, मग डबा. महागडं इमल्शन भुकटी सुटणाऱ्या डिस्टेंपरवर मारलंत तर रंग भिंतीला नाही, भुकटीला चिकटतो आणि चिकटपट्टी ओढली की पापुद्र्यासकट हातात येतो. सगळं डिस्टेंपर ओलं करून पत्र्याने खरवडा, धुवा, सुकू द्या. मग व्हाईट सिमेंटच्या पुट्टीचे दोन पातळ हात, १८० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी २२० चा. धूळ ओल्या फडक्याने पुसा, त्यावर वॉटर प्रायमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) एक हात, मग इमल्शनचे दोन. दोन हातांमध्ये चार तास तरी जाऊ द्या.

हिशोब: ४४ फूट घेर गुणिले १० म्हणजे ४४०, दार-खिडकी वजा जाता ४०० चौरस फूट. चांगलं इमल्शन दोन हातांत लिटरला साधारण १२० चौरस फूट जातं. म्हणजे ४ लिटरचा डबा पुरतो आणि डागडुजीला अर्धा लिटर उरतो. तो घट्ट झाकून ठेवा, शेड कोड आणि बॅच नंबर झाकणावर लिहून. छताला वेगळा १ लिटर.

पेंटर पाणी किती घालतो ते उभं राहून बघा. डब्यावर प्रमाण छापलेलं असतं. त्याहून पातळ केलं की रंग पहिल्याच पुसण्यात फिका पडतो, आणि नाव खराब होतं कंपनीचं.

ओल_तपासा: पोपड्यांचं मूळ शोधल्याशिवाय त्या भिंतीवर एक रुपया घालू नका. ओल जमिनीलगत पट्ट्यासारखी असेल तर पाणी बहुधा बाथरूमच्या फरशीच्या सांध्यांतून किंवा नहाणीच्या ट्रॅपजवळून (सांडपाणी जातं त्या जाळीपाशी) येतंय. नळाच्या उंचीवर गोल डाग असेल तर आतला पाईप झिरपतोय. तुमचा पहिला प्रकार दिसतो. फरशी-भिंतीच्या कोपऱ्यातले सांधे खरवडून इपॉक्सी ग्राऊट (सांध्यांत भरायचा पाणी न शोषणारा मसाला) भरा. खोलीच्या बाजूने पोकळ वाजणारा गिलावा पोपड्यांच्या वर आणखी फूटभर काढा आणि वॉटरप्रूफिंग घातलेल्या सिमेंटनेच नवा करा. तिथे पीओपी नको, ओलीत ते भुसभुशीत होतं.

नव्या गिलाव्याला किमान २८ दिवस द्या. ओला सिमेंट क्षारयुक्त असतो, लगेच रंगवला तर खार (पांढरे क्षार) फुटतो आणि शेडचे चट्टे पडतात. खात्री करायला दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून चिकटवा. चोवीस तासांनी आतून दव दिसलं तर थांबा.

म्हणजे दिवाळीत फक्त तीन भिंती होतील. चौथी नंतर.

गंगापूररोडकर: नाशिकच्या हवेचंही बघा. सप्टेंबरपर्यंत भिंती ओल ओढतात, ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर उत्तम. चौथी भिंत डिसेंबर-जानेवारीत आली तर ऊन चढल्यावर सुरू करा, दुपारी तीनला थांबा. रात्री पारा १० च्या खाली गेला की इमल्शनचा थर नीट जुळत नाही, भिंत भुकटीसारखी राहते. उलट एप्रिलच्या उन्हात रोलरच्या कडा लगेच सुकून पट्टे उमटतात, तेव्हा पंखा बंद ठेवायचा.

फिनिशचं म्हणाल तर पूर्ण मॅट नको, खडू त्यात मुरतो. हलकी झाक असलेलं, धुता येणारं इमल्शन घ्या. फार चकचकीतही नको: बाजूच्या उजेडात पुट्टीचा प्रत्येक खड्डा दिसतो आणि नंतरचा टचअप ठिगळासारखा उठतो. गडद लाल-पिवळा हौसेचा असला तरी तिसरा हात लागतो. खडू पुसायला मऊ स्पंज आणि सौम्य साबण, तेही रंग महिनाभर मुरल्यावर.

सिडको_रंगकाम: दारांचं राहिलं. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, तुमची दारं त्याआधीची, म्हणजे जुन्या रंगात जास्त शिसं असू शकतं आणि त्याची धूळ मुलाला घातक. कोरडं अजिबात घासू नका. पाणी शिंपडून वॉटर पेपरने घासा, खाली प्लास्टिक अंथरा, चिखल लगेच गोळा करून कचऱ्यात टाका. मूल घराबाहेर. वर प्रायमर आणि पाण्यावर चालणारं इनॅमल. वास कमी, पांढरं पिवळं पडत नाही.

इंदिरानगर_२ब: सर्वांचे आभार. चौथी भिंत महिनाभर कोरी दिसेल, तिला तात्पुरता वॉलपेपर चालेल का?

ओल_तपासा: नको. ओल आत कोंडेल आणि मागे बुरशी धरेल. कोरीच राहू द्या, पलंग आणि कपाट त्या भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, खिडकी दुपारी उघडी. रंगवलेल्या तीन भिंतींच्या खोलीत मुलाला वास पूर्ण जाईपर्यंत झोपवू नका.