रॅटच्या धमनीचे टाके: फोटोत नुसती चकाकी, काय करावं?

रंकाळाकाठ:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या फार्मसी कॉलेजात विस्टार रॅटच्या (२५०-३०० ग्रॅम) फेमोरल (मांडीतल्या) धमनीची टोकाला टोक जोडणी चालू आहे. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे. धमनी जेमतेम १ मिमी, धागा १०-० नायलॉन. टाके बरे पडतात, पण प्रबंधासाठी फोटो काढला की तीन भानगडी: ओल्या भागावर पांढरे चट्टे, मायक्रोस्कोपच्या आयपीसमधून स्पष्ट दिसतं ते कॅमेऱ्यात धूसर, आणि सगळं केशरी. बीम स्प्लिटरवर (थोडा प्रकाश कॅमेऱ्याकडे वळवणारा भाग) मिररलेस कॅमेरा बसवलाय.

काचबिंदी:
धूसरपणा आधी घ्या, तो सगळ्यात सोपा. दोन्ही आयपीसचे डायॉप्टर (डोळ्याच्या नंबराप्रमाणे फिरवायची रिंग) शून्यावर आणा. झूम पूर्ण वाढवून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघत मायक्रोस्कोप फोकस करा. आता त्याला हात न लावता फक्त डायॉप्टर फिरवून आपल्या डोळ्याला स्पष्ट करून घ्या. मग झूम कमी केला तरी दोन्हीकडे फोकस एकच राहतो. डायॉप्टरच्या आकड्यावर मार्करने खूण करा, कारण पुढचा माणूस हमखास फिरवतो.

केशरी रंग ऑटो व्हाइट बॅलन्सचा. धमनीखाली बॅकग्राउंडचा निळा तुकडा असला की कॅमेरा निळं मारायला जातो आणि ऊती पिवळट-केशरी पडतात. सलाईनने ओला केलेला पांढरा गॉज त्याच दिव्याखाली धरून व्हाइट बॅलन्स घ्या आणि लॉक करा. एक्सपोजर पाऊण-एक स्टॉप खाली ठेवा. हिस्टोग्राम लाल चॅनेलचा बघा, रक्तात तोच आधी जळतो आणि धमनी सपाट लाल पट्टी होते. एलईडी दिव्यामुळे आडवे पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० करा. आयरिस (प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करणारा पडदा) असेल तर बंद करा, फोकसची खोली वाढते.

सुई_१०शून्य:
आयरिस पूर्ण बंद नको हो. प्रकाश जातो आणि बारीक तपशीलही मऊ पडतो. निम्म्यावर ठेवा.

चकाकीचं मूळ कॅमेऱ्यात नाही, जखमेत साचलेल्या सलाईनमध्ये आहे. फोटोच्या आधी स्पंजच्या टोकाने कडेचं पाणी टिपा, धमनीवर फक्त ओलावा राहू द्या. पण कोरडी पडू देऊ नका. तीव्र दिव्याखाली ती पटकन सुकते. म्हणून फ्रेम लावेपर्यंत दिवा मंद, क्लिकपुरता वाढवा. बॅकग्राउंडला चकचकीत प्लॅस्टिक नको. स्टेशनरीवाल्याकडची मॅट निळी फाइल कापा, कोपरे गोल करा, नाहीतर टोक बाजूच्या शिरेत घुसतं. मोजमापासाठी मिमीच्या आलेख कागदाचा लॅमिनेट केलेला तुकडा धमनीच्याच पातळीवर ठेवा. खाली ठेवला तर तो फोकसबाहेर जातो आणि मापही चुकतं.

आता महत्त्वाचं. फोटोपायी क्लॅम्पचा (धमनीतलं रक्त अडवणारी क्लिप) वेळ ताणू नका. एक फ्रेम अॅडव्हेंटिशिया (धमनीचं बाहेरचं आवरण) काढल्यावर, एक पहिले दोन टाके पडल्यावर, बाकी सगळ्या क्लॅम्प सुटल्यावर. लुमेन (धमनीची आतली पोकळी) रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिन-सलाईनने (मिलिलीटरला १०० युनिट) धुऊन घ्या, आतला तंतू फोटोत आधी दिसतो. धमनी आखडली तर २ टक्के लिग्नोकेनचे थेंब टाका आणि थांबा. क्लॅम्प काढताना आधी पुढचा (पायाकडचा), मग हृदयाकडचा. टाक्यातून पाझरलं तर ओल्या गॉजने दोन-तीन मिनिटं हलकं दाबा, लगेच जादा टाका घालायला धावू नका.

जोडणीतून रक्त वाहत असल्याचा पुरावा एका फोटोत येत नाही. जोडणीच्या पुढच्या बाजूला दोन फोर्सेप्सनी धमनी धरा, पुढचा चिमटा सरकवत मधला भाग रिकामा करा, मग मागचा सोडा. भाग भरला तर रक्त जातंय. याचा व्हिडिओच घ्या. ही चाचणी एकदाच करा, आतल्या अस्तराला इजा होते. अर्ध्या तासाने पुन्हा बघा. गुठळी बहुतेक वेळा त्याच काळात धरते.

आणि भूल. केटामाइन ८० आणि झायलाझिन १० मिग्रॅ प्रति किलो, पोटात इंजेक्शनने, हा नेहमीचा डोस. रॅट जागा व्हायला लागला तर फक्त केटामाइनचा तिसरा भाग, झायलाझिन परत नाही. डोळे उघडे राहतात, मलम घाला. पोटाखाली ३७ अंशांचा पॅड ठेवा. एसी असलेल्या खोलीत रॅट गार पडला की भूल लांबते आणि धमन्याही आखडतात.

रंकाळाकाठ:
आभारी आहे. पोलरायझर लावून चकाकी जाईल का? आणि सुई फोर्सेप्सला चिकटून बसते, फ्रेममध्ये वाकडी दिसते.

काचबिंदी:
जाते. एक पोलरायझिंग शीट दिव्याच्या खिडकीवर, दुसरी कॅमेऱ्याच्या वाटेत काटकोनात. दोनेक स्टॉप प्रकाश जातो. आयएसओ वाढवा, शटर उगाच मंदावू नका, रॅटच्या श्वासाबरोबर धमनी हलते. पण आधी पाणी टिपून बघा, बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं.

सुई चिकटते म्हणजे ५ नंबरच्या फोर्सेप्समध्ये चुंबकत्व आलंय. घड्याळजीकडे डिमॅग्नेटायझर असतो, त्यात फिरवून आणा. टोक वाकलं असेल तर गुजरीतला (सराफ बाजारातला) कारागीर बारीक दगडावर सरळ करून देईल, पण त्याला मायक्रोस्कोपखाली दाखवूनच पास करा.

सुई_१०शून्य:
सरावाला रॅट नको, कोंबडीच्या पंखातली धमनी घ्या, एक-दीड मिमीची निघते. दुकानदाराला पंख न तोडता द्यायला सांगा. प्रकाश-रंगाच्या सेटिंगही त्यावरच पक्क्या करा. जून-जुलैत कॅमेरा आणि अॅडॅप्टर सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, इथल्या पावसात लेन्सला बुरशी लागते आणि मग पांढरट पडदा दिसतो तो सलाईनचा नसतो.